अपघात म्हणून लिहून दे, म्हणत होते सगळे

परवा एका पोरीचा फोन आला. माहेरकडची आहे, लांबच्या नात्यातली. तिच्या वडलांच्या अंगावर गावातल्याच एकानं ट्रॅक्टर घातला, वावरात जायच्या वाटेवरून जुनं भांडण होतं म्हणे, आणि आता गावातून, ठाण्यातून, अगदी घरातूनसुद्धा तिला एकच सांगून राहिले की बाई अपघात म्हणून लिहून दे, इन्शुरन्सचे पैसे मिळतील, मुद्दाम मारलं म्हणलं तर एक रुपया मिळणार नाही. ती विचारत होती, ताई तुम्ही काय केलं होतं. तासभर बोलली मी तिच्याशी तरी अर्धं राहूनच गेलं, म्हणून रात्री लिहायला बसली.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. साडेतीन एकर वावर, कपाशी, सोयाबीन, मधात तुरीचे तास, म्हणजे ओळी. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलत दिराशी वाद होता, आजचा नाही, सासऱ्यांच्या काळापासूनचा. दरवर्षी वखरताना त्याच्या बाजूनं धुरा थोडा थोडा आमच्यात सरकायचा. शेवटी 2022 मधे आम्ही पैसे भरून मोजणी आणली, भूमी अभिलेखवाले आले, दगड गाडले, आणि कपाशीचे सहा तास आमचे निघाले. त्या दिवशी तो दगडाजवळ उभा राहून बोलला, "वयनी, हे सहा तास लय महागात पडन तुमाले." पंचनाम्याले आलेल्या चार माणसांनी हे ऐकलं होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी, वेचणी चालू होती, मी आणि दोन बाया पांदणीनं, म्हणजे वावरात जायच्या वाटेनं, परत येत होतो. माझ्या डोक्यावर कापसाचं गाठोडं. मागून त्याची पिकअप आली. आम्ही बाजूला झालो, बोरीच्या काट्यात अर्ध्या शिरलो म्हणा, तरी त्यानं गाडी बाजूला घेऊन मला धडक दिली आणि मी पडल्यावर मागं घेतली, आणि पुन्हा पुढं आणली. हे "मागं घेतली" मी किती ठिकाणी किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. पहिली धडक चुकून लागू शकते. दुसरी चुकून कशी लागेल?

उजवा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला, कातडी सोलून गेली. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढं रेफर केलं, रॉड टाकला, मग मांडीची कातडी काढून खाली लावली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. चार महिने खाटेवर होती एवढंच.

आता मुद्द्याचं. दवाखान्यात मला आणलं कोणी, तर त्याच्याच सख्ख्या भावानं. हे तेव्हा घरी नव्हते, यवतमाळला खत आणायला गेले होते. केसपेपर करताना त्या भावानंच सांगितलं की रोडवर अपघात झाला, आणि एमएलसीत, म्हणजे पोलीस केसकरता डॉक्टर लिहिते त्या कागदात, तेच लिहिल्या गेलं. मी शुद्धीत होती पण बोलायच्या अवस्थेत नव्हती. पुढं दोन वर्ष हा एक शब्द आम्हाला नडला. म्हणून त्या पोरीला मी पहिलं हेच विचारलं की एमएलसीत काय लिहिलं आहे ते पाहिलं का. जखमी माणसाला बोलता येत असेल तर डॉक्टरला त्यानं स्वतः सांगावं, कोणी केलं, कसं केलं. आणि पहिल्या वेळी चुकीचं लिहिल्या गेलं असेल तर त्याच हप्त्यात लेखी अर्ज देऊन आपलं म्हणणं नोंदवून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी हवालदार बयान घ्यायला आले. मी सगळं सांगितलं, धुरा, मोजणी, धमकी, गाडी मागं घेणं. त्यांनी लिहिलं "हयगयीने व निष्काळजीपणे भरधाव वेगात वाहन चालवून". कलम लावलं 279 आणि 338. म्हणजे बेफिकीर गाडी चालवली आणि त्यात कोणाला गंभीर लागलं, बस. मी म्हणली साहेब असं नाही ना सांगितलं मी. तर ते अगदी समजावणीच्या सुरात बोलले, "बाई, तुमच्या भल्याचं सांगून राहिलो. अपघात राह्यला तं क्लेम भेटते. तीनशे सात, म्हंजे खुनाचा प्रयत्न, टाकलं तं कंपनी हात वर करते, आन् तो सुटला तं तुमाले ना हे ना ते."

हवालदारांचं वाईट मनानं नव्हतं असं मला आजही वाटते. सगळ्यांचाच हा समज आहे. तंटामुक्तीचे अध्यक्ष घरी आले ते तेच बोलले, वर दिराकडून दवाखान्याचा अर्धा खर्च देतो म्हणून निरोप घेऊन आले. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, तिनं तर हात जोडले, "पोरी, घरची गोष्ट हाये, गाडीनं लागलं असं म्हण, देवाची मर्जी म्हण." मामाजी, म्हणजे सासरे, काही बोलले नाही, नुसते खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले.

मला पैशाची गरज नव्हती असं नाही. लय गरज होती. यांनी बैलजोडीतला एक बैल विकला होता. पण मी खोटं लिहून दिलं असतं तर पुढच्या वर्षी त्याच पांदणीनं माझी पोरगी शाळेत जाणार होती आणि त्याच पांदणीनं त्याची गाडी येणार होती, आणि कागदावर मीच लिहून दिलेलं असतं की त्यानं काही केलंच नाही.

मग मी खाटेवरूनच अर्ज लिहिला, पुरवणी बयान घ्या म्हणून. ठाण्यात घेतला नाही. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत 154(3) होतं, ठाण्यात ऐकलं नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी तक्रार पाठवता येते, तशी रजिस्टर एडीनं पाठवली. आता 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले, त्यात हेच कलम नागरिक सुरक्षा संहितेचं 173(4) आहे. त्या पोरीला कलमं नवीन लागतील म्हणून सांगून ठेवते, 279 च्या जागी न्याय संहितेचं 281, 338 च्या जागी 125, धोक्याच्या हत्यारानं गंभीर दुखापत जे 326 होतं ते 118 आणि खुनाचा प्रयत्न 307 चं झालं 109. अधीक्षक ऑफिसातून चौकशी आली, त्या दोन बायांपैकी एक म्हातारी, तिनं जसं पाहिलं तसं सांगितलं, दुसरी घाबरली, तिच्या घरचे त्याच्याच वावरात मजुरीला जातात, तिच्यावर मी राग धरला नाही. मोजणीच्या पंचानं धमकीचं सांगितलं. आणि 326 लागलं, 307 पण लागलं.

आणि गावात झालं की हिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आता क्लेम बुडाला.

क्लेम बुडला नाही. हेच सांगायला हे सगळं लिहून राहिली.

मला वकील मिळाल्या त्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, फुकट. 1987 च्या कायद्याचं कलम 12 आहे, त्यात बाईमाणसाला मोफत वकील मिळते, तिची कमाई किती आहे हे न पाहता. अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला, अपंगालाही मिळते. कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस राहते, 15100 वर फोन केला तरी सांगतात. हे आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं, मला वॉर्डातल्या एका नर्सबाईनं सांगितलं.

वकीलबाईनं पहिली गोष्ट विचारली, घटना कधीची. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून कलम 166 मधे सहा महिन्याची मुदत आली, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्याच्या आत क्लेम टाकायचा. आधी अशी मुदत नव्हती म्हणून पुष्कळ लोक अजूनही पाय बरा होऊ दे मग पाहू म्हणतात. आम्ही पाचव्या महिन्यात टाकला, मी कुबड्यांवर होती. खरं तर पोलिसांनीच तीन महिन्याच्या आत अपघाताचा अहवाल ट्रिब्युनलला, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाला, पाठवायचा असते, कलम 159, आणि ट्रिब्युनल त्यालाच अर्ज समजू शकते. पण आमच्यात तो गेलाच नाही, कारण आधी अपघात, मग खुनाचा प्रयत्न, फाईल मधातच लटकली. म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका, आपला अर्ज आपण टाका. अर्ज घटना घडली तिथल्या, आपण राहतो तिथल्या किंवा गाडीवाला राहतो तिथल्या ट्रिब्युनलमधे टाकता येते. गाडीचा इन्शुरन्स त्या दिवशी चालू होता का हे एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून आमच्या भाच्यानं दोन मिनिटात काढून दिलं. चालू होता.

कंपनीनं जबाब दिला त्यात तीन गोष्टी होत्या. एक, हा अपघातच नाही, गुन्हा आहे, आणि कोणी जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याचे पैसे कंपनी का देईल. दोन, पांदण ही सार्वजनिक जागा नाही, खाजगी वावरातली वाट आहे, तिथं पॉलिसी लागू नाही. तीन, बाई घरीच राहते, तिची कमाई काही नाही.

पहिल्या मुद्द्यावर वकीलबाईनं मला बसवून समजावलं, मी वही घेऊन लिहून घेतलं. 2000 साली सुप्रीम कोर्टात रिता देवीचा खटला झाला. तिचा नवरा नागालँडमधे ऑटो चालवायचा, 1995 मधे प्रवासी म्हणून बसलेल्या लोकांनी त्याला मारून ऑटो पळवला. कंपनी म्हणे हा खून आहे, अपघात नाही. कोर्टानं म्हणलं की मारणाऱ्यांचा मूळ हेतू काय होता ते पाहा, ऑटो चोरायला निघाले आणि त्यात तो मेला, तर त्याच्याकरता तो अपघाती मृत्यूच आहे, भरपाई द्या. पण त्याच निकालात हेही आहे की मूळ हेतूच खुनाचा असेल तर तो निव्वळ खून, आणि कंपन्या नेमकं तेवढंच वाक्य दाखवतात. म्हणजे एकच निकाल दोघंही घेऊन उभे राहतात. वकीलबाईचं म्हणणं असं की मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हा फौजदारी कोर्टाचा विषय, थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा केला तो गाडीवाल्याकरता नाही, रस्त्यानं चालणाऱ्याकरता केला. गाडीवाल्यानं विम्याची अट मोडली असेल तर कंपनीनं पैसे त्याच्याकडून वसूल करावे, चालणाऱ्याला का उपाशी ठेवता? शिवाय कायद्यातले शब्द "मोटार वाहनाच्या वापरातून" असे आहेत आणि हे शब्द अरुंद अर्थानं घ्यायचे नाही हे सुप्रीम कोर्टानं 1991 मधे म्हणून ठेवलं आहे, तो खटला आपल्या महाराष्ट्रातलाच, पुणे बंगलोर हायवेवर 1987 मधे पेट्रोल टँकर उलटला, काही तासांनी त्याचा भडका उडाला आणि लोक मेले, तरी तो वाहनाच्या वापरातूनच धरला.

सगळीकडे असाच निकाल लागते असं मी म्हणत नाही. कधी कंपनी सुटते. पण तेव्हाही गाडीचा मालक आणि चालवणारा सुटत नाही, त्यानं स्वतः द्यावं लागते, त्याची जमीन आहे, गाडी आहे. क्लेम बुडते हे तर खोटंच. आणि फौजदारीत तो पुराव्याअभावी निर्दोष सुटला तरी ट्रिब्युनलचा निकाल त्यावर अडकून नाही, तिथं संशयापलीकडं सिद्ध करावं लागत नाही, जास्त शक्यता कशाची ते पाहतात.

पांदणीचा मुद्दा मी स्वतः सोडवला, याचा मला अभिमान आहे. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल आणली, त्यात आमची पांदण दोन तुटक रेषांनी दाखवली आहे, म्हणजे गाडीमार्ग. लोकांना जायचा यायचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, कायद्याच्या व्याख्येत असंच आहे, डांबर पाहिजे असं कुठं लिहिलं नाही. नकाशा पाहून कंपनीचे वकील त्यावर पुढं काही बोलले नाही.

उलटतपासणीचा दिवस मला आठवते. मी कटघऱ्यात खुर्चीवर बसली, उभं राहवत नव्हतं. कंपनीचे वकील आवाज न चढवता विचारत होते. तुमचं म्हणणं आहे मुद्दाम मारलं? हो. म्हणजे चुकून नाही? नाही. मग तुम्ही स्वतःच सांगता की हा अपघात नाही? मला घाम फुटला. वकीलबाई उठायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, त्याच्यासाठी नसन. माह्यासाठी तं अपघातच होता ना. मी काय घरून ठरवून निघाली होती का, आज गाडीखाली जाईन म्हणून?" जजसाहेबांनी वर पाहिलं आणि स्टेनोला म्हणले, जसं बोलल्या तसं घ्या.

कमाईचं. माझी शिलाई मशीन आहे पायडलची, गावात ब्लाऊज, फॉल, शाळेचे ड्रेस, आणि हंगामात वेचणी, निंदण. पावती कोण ठेवते गावात? मी एका जुन्या वहीत नावं आणि पैसे लिहून ठेवायची, ती वही पुरावा म्हणून लागली. आणि घरकामाचं, सुप्रीम कोर्टानं 2021 मधे कीर्तीच्या खटल्यात म्हणलं आहे की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचीही कमाई धरावी लागते. ट्रिब्युनलनं महिना 7,500 धरले, आम्ही 9,000 म्हणलं होतं.

अपंगत्वाच्या टक्क्यावर फार ओढाताण होते, इथं लक्ष द्या. बोर्डानं सर्टिफिकेट दिलं पायाचं 42 टक्के. कंपनी म्हणे पायाचं 42 म्हणजे पूर्ण शरीराचं 14. पण 2010 च्या राजकुमारच्या खटल्यात कोर्टानं स्पष्ट सांगितलं आहे की शरीराचा टक्का वेगळा आणि कमाईचा टक्का वेगळा. डावा हात गेला तर सुताराची जवळपास पूर्ण कमाई जाते, सरकारी ऑफिसातल्या क्लार्कची नोकरी राहू शकते. माझा गुडघा पूर्ण वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही, म्हणजे निंदण गेलं, पायडल मारता येत नाही, म्हणजे मशीन गेली. डॉक्टर साक्षीला आले, त्यांनी हेच सांगितलं. नुसतं सर्टिफिकेट लावून चालत नाही, डॉक्टरला साक्षीला बोलवा, आणि आपलं काम कसं असते ते कोर्टाला दाखवा, जजनं निंदण केलेलं नसते. ट्रिब्युनलनं 30 टक्के धरले.

मग हिशोब असा. 7,500 वर पुढं कमाई वाढली असती त्याचे 40 टक्के, झाले 10,500. वर्षाचे 1,26,000. माझं वय 34, सरला वर्माच्या 2009 च्या निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 ला 16 नं गुणायचं, 20,16,000. त्याचे 30 टक्के 6,04,800. वर दवाखान्याची बिलं, गाडीभाडं, चार महिने माझी बहीण येऊन राहिली तिचं, आणि वेदनेचे वेगळे, सगळं धरून नऊ लाखाच्या आसपास, अर्ज टाकल्यापासूनच्या व्याजासह. पक्की बिलं होती तेवढीच धरली, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेली सगळी गेली. तर बिल मागा, तो कटकट करो का काही करो.

आदेश असा झाला की कंपनीनं आधी मला द्यावे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावे. 307 होतं तरी. कंपनी अपिलात नागपूरला गेली आहे. अर्धे पैसे जमा झाले, त्यातले काही मला मिळाले, बाकी कोर्टानं बँकेत एफडी करून ठेवायला लावले. मिळाले त्यातून मशीनला मोटर बसवली, डाव्या पायानं चालवते. सेशन कोर्टातली केस अजून चालूच आहे, तारखेला तो पण येते, मी पण जाते, एकाच एसटीत बसावं लागते कधी कधी. धुऱ्याचे दगड जागेवर आहेत.

पीडित भरपाई योजना म्हणून अजून एक आहे, विधी सेवा प्राधिकरणातच अर्ज करायचा, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 357अ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 396. गुन्ह्यात जखमी झालेल्या माणसाकरता आहे ती, आणि मारणारा सापडला नाही, ओळखू आला नाही तरी तिथं अर्ज करता येते. मला हे उशिरा कळलं. त्या पोरीला उशीर नको म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं.

तिच्या वडलांची घटना सात हप्त्यांपूर्वीची आहे, मुदत आहे अजून. उद्या सकाळी पावणेनऊच्या एसटीनं मी जाऊन राहिली तिच्यासोबत प्राधिकरणाच्या ऑफिसात. तिला एमएलसीची झेरॉक्स, एफआयआरची नक्कल आणि वडलांचा दवाखान्यातला पहिला कागद आणायला सांगितला आहे. आणि बयानावर वडलांचा अंगठा अजून घेतला नसेल तर घेऊ देऊ नको म्हणली, आधी त्यात काय लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवायला लाव.